मुद्दल, व्याज आणि विसर्जन: टेबलावरच्या खेळात पिशाच बोलावण्याचे नियम कसे बांधावेत

नाशकात गंगापूर रस्त्यावरच्या एका सदनिकेत दर दुसऱ्या रविवारी आमचा टेबलावरचा रोलप्लेइंग खेळ बसतो, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि फासे टाकत कथा पुढे नेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या मांत्रिकाने एकाच संध्याकाळी तीनदा पिशाच बोलावले. पहिल्यांदा कुलूप उघडायला, दुसऱ्यांदा पहारेकऱ्याला घाबरवायला आणि तिसऱ्यांदा नदी ओलांडायला. तिन्ही वेळा फासे चांगले पडले, पिशाच आले, काम करून गेले, आणि तिसऱ्या खेपेला शेजारच्या खेळाडूने गंभीर चेहऱ्याने विचारले, "जाता जाता द्वारका चौकात सोडेल का ते?" सगळे हसले, पण जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून मला ते हसू बोचले. ज्या शक्तीचे नाव घ्यायलाही पात्रांनी कचरावे, ती आमच्या टेबलावर रिक्षासारखी झाली होती. त्यानंतर मी आवाहनाचे नियम मुळापासून नव्याने बांधले. ते कसे बांधले आणि तुम्हाला तुमच्या टेबलासाठी कसे बांधता येतील, हे पुढे पायरीपायरीने दिले आहे.

हे नियम 'स्वोर्ड अँड सॉर्सरी' या कल्पनारम्य साहसकथांच्या प्रकारासाठी आहेत. हे नाव फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचवले. या प्रकारात जगाचा उद्धार वगैरे नसतो. कर्जबाजारी तलवारबहाद्दर असतो, चोर असतो, आणि जादू ही शाळेत शिकण्याची विद्या नसून माणसाला आतून पोखरणारी गोष्ट असते. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच टेबलावरच्या खेळात मंत्र आधी पाठ करायचा आणि वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा. मंत्र उच्चारला की तो साधणार हे तिथे गृहीतच होते. गुहेतल्या मोहिमांना ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात भीती नाही. १९८१ च्या 'स्टॉर्मब्रिंगर'ने मंत्रांची यादी बाजूला ठेवून अग्नी, जल अशा तत्त्वांचे जीव आणि पिशाचे यांना बोलावून बांधणे हीच जादू मानली. २००१ मध्ये छापून आलेल्या 'सॉर्सरर'ने प्रत्येक पिशाचाला स्वतःची गरज आणि इच्छा दिली, आणि मांत्रिकाच्या पानावर (पात्राची माहिती लिहिलेल्या कॅरेक्टर शीटवर) 'मानवता' नावाचा आकडा ठेवला. २०१२ च्या 'डंजन क्रॉल क्लासिक्स'मध्ये प्रत्येक मंत्रासाठी वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो आणि वाईट पडला तर मांत्रिकाच्या देहात विकृती येते. माझ्या नियमांचा कणा दुसऱ्या आणि तिसऱ्या खेळाकडून आला आहे, पण मांस मात्र इथल्या मातीतले आहे.

पायरी पहिली: टेबलावरचा करार

फासे हातात घेण्यापूर्वी सगळ्या खेळाडूंनी अर्धा तास बसून काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवावे. आमच्या टेबलावर नरबळी हा नैवेद्य म्हणून कधीच येत नाही. खलनायकाने दिला तरी तो पडद्यामागे राहतो. ज्या राज्यात नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तिथे ही गोष्ट टेबलावर सजावट म्हणून वापरणे मला बरे वाटत नाही. आपले मत वेगळे असू शकते, पण ते आधी बोलून ठरवावे, खेळ रंगात आल्यावर नव्हे.

दुसरी खबरदारी आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. मी एकदा वेताळाला सरळ पिशाच म्हणून कथेत आणले. आमच्यातला सिंधुदुर्गाकडचा एक खेळाडू फासे खाली ठेवून शांत बसला आणि मध्यंतरात चहा घेताना म्हणाला, "दादा, आमच्याकडे तो गावचा देव आहे." त्याचे बरोबर होते, कोकणात आणि गोव्यात वेताळाची ग्रामदेवता म्हणून पूजा होते. विहिरीकाठच्या आसरांचेही तसेच आहे, त्यांना घाबरणारे आहेत आणि ओटी भरणारेही आहेत. म्हणून ज्यांची कुठेही पूजा होते ती नावे मी आता वापरत नाही. मुंजा, समंध, खवीस यांच्या गोष्टींतून स्वभाव घ्यावा आणि नाव स्वतःचे द्यावे.

पायरी दुसरी: पिशाच घडवणे

पिशाच म्हणजे आकड्यांचा गठ्ठा नव्हे, ते एक पात्र आहे, आणि त्यासाठी पत्त्याएवढे एक कार्ड पुरते. कार्डावर पाच गोष्टी लिहाव्यात: खरे नाव, बळ, हातोटी, भूक आणि वर्ज्य (ज्यापुढे त्याचे काही चालत नाही ती गोष्ट). बळ १, २ किंवा ३ असते. हातोटी एकच असावी आणि ती एका वाक्यात सांगता यावी. 'शक्तिशाली आहे, उडते, अदृश्य होते आणि भविष्यही सांगते' असे पिशाच घडवले की खेळाडू त्याला प्रत्येक अडचणीवरचा उपाय समजतात आणि आपण पुन्हा रिक्षाच्या थांब्यावर येतो.

भुकेवर मात्र वेळ घालवावा, कारण सगळा खेळ तिथून जन्मतो. आपल्या लोककथांतली भुते अतृप्त असतात आणि ती अतृप्ती नेमकी असते. मुंजाची मुंज झालेली असते पण लग्न राहिलेले असते, म्हणून तो पिंपळावर बसतो. समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला असतो. 'रक्त हवे' ही भूक आळशी आहे. 'घरातल्या माणसांची नावे हवीत' ही भूक कामाची आहे.

उदाहरणादाखल माझे एक कार्ड देतो. नाव देहळ्या, बळ २. हातोटी: जो उंबरठा तो राखतो तो मुदत संपेपर्यंत कोणी ओलांडू शकत नाही. भूक: मांत्रिकाला ठाऊक असलेली माणसांची नावे. वर्ज्य: न बोलता दिवा घेऊन येणाऱ्याला तो अडवू शकत नाही. हे वर्ज्य खेळाडूंना सहज सांगू नये. ते जुन्या शिलालेखात, एखाद्या म्हातारीच्या ओवीत किंवा पूर्वीच्या मांत्रिकाच्या वहीत सापडावे. आमच्या टेबलावर या एका वर्ज्याच्या शोधात दोन पूर्ण रविवार गेले आणि कोणाची तक्रार नव्हती.

पायरी तिसरी: विधी

विधीला पिशाचाच्या बळाइतके प्रहर लागतात. प्रहर म्हणजे तीन तास, त्यामुळे बळ ३ चे पिशाच बोलवायला नऊ तास लागतात आणि ऐन लढाईत आवाहन करण्याचा प्रश्नच मिटतो. हा एकच नियम लावला तरी अर्धे दुखणे बरे होते.

तीन गोष्टी विधीला साहाय्य करतात: खरे नाव माहीत असणे, योग्य स्थळ आणि काळ साधणे, आणि भुकेशी जुळणारा नैवेद्य असणे. प्रत्येकीचा फाशांच्या बेरजेत एक मिळतो. स्थळासाठी नाशिकच्या माणसाला डोके खाजवावे लागत नाही. आमचे काल्पनिक नगर सातवाहन काळातल्या गोवर्धन या नाशिकजवळच्या नगरावर बेतलेले आहे, आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्या ज्याने संध्याकाळी उतरल्या आहेत त्याला डोंगरातल्या कोरीव दालनाचा काळोख समजावून सांगावा लागत नाही.

मांत्रिक नऊ तास मंडल आखत असताना बाकीच्या चौघांनी मोबाइल बघत बसायचे का, हा या प्रकारच्या नियमांतला खरा प्रश्न आहे आणि बरेच खेळ तो टाळतात. मी प्रत्येक प्रहराला एक अडथळा ठेवतो आणि तो मांत्रिकाखेरीज दुसऱ्या कोणीतरी सोडवायचा असतो. पहिल्या प्रहरी मशाली दिसतात, दुसऱ्या प्रहरी नैवेद्य कमी पडतो, तिसऱ्या प्रहरी मंडलातून सोबत्यांपैकीच एखाद्याच्या मेलेल्या भावाचा आवाज येतो. अडथळा सुटला नाही तर साहाय्याचा एक गुण कमी होतो. शिवाय एका खेळाडूने साक्षीदार व्हायचे असते. त्याचे काम पुढे बोलीच्या, म्हणजे पिशाचाशी करार ठरवण्याच्या, वेळी येते.

पायरी चौथी: फासे

लुडोचे साधे सहा बाजूंचे दोन फासे पुरतात. बेरीज करावी, साहाय्याचे गुण मिळवावेत, बळ २ असेल तर एक आणि बळ ३ असेल तर दोन वजा करावेत, आणि मांत्रिकाने आधीच बांधून ठेवलेल्या प्रत्येक पिशाचामागे आणखी एक वजा करावा. १० किंवा अधिक आले तर पिशाच येते आणि बोली जशी ठरेल तशी पाळते. ७ ते ९ आले तर ते येते, बोली मान्य करते, पण बोलीच्या शब्दांतली एक फट वापरण्याचा अधिकार जीएमला मिळतो. ६ किंवा कमी आले तरीही ते येते, मात्र बांधले न जाता येते, आणि पहिली मागणी त्याची असते.

शेवटच्या वाक्यावर मी हटून बसतो. 'फासे पडले नाहीत, काही घडले नाही, पुढचा कोण?' याइतके कंटाळवाणे फळ दुसरे नाही. दार ठोठावले आहे म्हटल्यावर ते उघडणारच; कोण कोणावर मालकी गाजवणार एवढेच फासे ठरवतात.

आता थोडे गणित, कारण आकडे बदलताना ते समजलेले असावे. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. बेरजेत काहीच मिळवायचे नसेल तर १० किंवा अधिक येण्याचे प्रकार ६, मधल्या पट्ट्याचे १५ आणि ६ किंवा कमी येण्याचेही १५. एक मिळवला की हेच आकडे १०, १६ आणि १० होतात. दोन मिळवले की १५, १५ आणि ६. तीन मिळवले की २१, १२ आणि ३. चार मिळवले तर अनर्थाचा ३६ पैकी एकच प्रकार उरतो आणि भीती संपते, म्हणून तीनच्या वर कधीही जाऊ देऊ नये, मग खेळाडूने कितीही जादूच्या अंगठ्या जमवलेल्या असोत. उलट बाजूला, बळ ३ चे पिशाच काहीही तयारी न करता बोलावले तर ३६ पैकी २६ वेळा ते मोकळे येईल. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक गुणाची किंमत सारखीच ५ टक्के असते. दोन फाशांवर मधला पट्टा जाड राहतो, आणि फट असलेली बोली हाच आपल्याला हवा असलेला रसाळ भाग त्या पट्ट्यात आहे.

पायरी पाचवी: बोली

पिशाच तीन प्रश्न विचारते: काय हवे, किती काळ, आणि काय देणार. उत्तर मांत्रिकाच्या खेळाडूने स्वतः, टेबलावर, मोठ्याने एका वाक्यात द्यायचे असते. साक्षीदार ते वाक्य शब्दशः कागदावर उतरवतो आणि कागद टेबलाच्या मधोमध ठेवतो. 'म्हणजे मला असे म्हणायचे होते' हे शब्द त्यानंतर चालत नाहीत.

हा भाग मराठी टेबलावर विलक्षण रंगतो, कारण वराची भाषा आपल्या रक्तात आहे. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही असा करारनामा हिरण्यकशिपूने केला होता आणि तरी उंबरठा, तिन्हीसांजा आणि नरसिंह राहूनच गेले. भस्मासुराचे तर स्वतःचे डोके वगळायचेच राहून गेले. या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या असल्याने आमचे खेळाडू वाक्य बोलण्यापूर्वी दहा मिनिटे वकिलांसारखे कुजबुजतात. कुजबुजू द्यावे. पण वाळूचे एक घड्याळ ठेवावे, नाहीतर रविवार तिथेच संपेल.

जीएमवर मात्र तीन बंधने हवीत, नाहीतर हा भाग छळ बनतो. फट कागदावरच्या शब्दांतूनच निघाली पाहिजे. एका बोलीत एकच फट वापरायची. आणि ती वापरण्यापूर्वी एकदा तरी सूचना दिली पाहिजे, पिशाचाचे हसू, एखादा शब्द पुन्हा उच्चारणे, असे काही. ज्या खेळाडूला आपण फसवले गेलो याचा राग येतो पण कागद पाहून 'अरेच्चा' म्हणावे लागते, त्याच्या बाबतीत तुम्ही काम नीट केले आहे.

आमच्या खेळातला एक प्रसंग सांगतो. क्षत्रपाचे सैनिक मागावर होते, एक सोबती जखमी होता, आणि रुद्रक या मांत्रिकाने लेण्याच्या दारावर देहळ्याला बोलवायचे ठरवले. खरे नाव ठाऊक होते, अमावास्या होती, नैवेद्य मात्र नव्हता. दोन मिळाले, बळाचा एक गेला, राहिला एक. फासे ५ आणि २ पडले, बेरीज ८. मधला पट्टा. रुद्रकाच्या खेळाडूने बोली लावली: "सूर्योदयापर्यंत या दारातून कोणालाही आत येऊ देऊ नकोस." देहळ्याने विचारले, "कोणालाही?" आणि घाईत तो म्हणाला, "कोणालाही." तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला, "अहो मांत्रिकबुवा, मी पाणी आणायला खाली गेले आहे!" धनुर्धारी मुलगी रात्रभर बाहेर, सैनिक डोंगर चढताहेत, आणि दाराच्या आत बसलेले चौघे तिला नुसती ऐकू शकत होते. पुढचे दोन तास मी जवळजवळ काहीच केले नाही. एका शब्दाने सगळा खेळ चालवला.

बंधन मांत्रिकावरही टाकावे. विक्रम राजाची अट आठवा: तो बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. तसे प्रत्येक बोलीत मांत्रिकाने पाळायचे एक पथ्य पिशाच सुचवते, मौन, उपास, मागे वळून न पाहणे. पथ्य मोडले की बोली तुटते. खेळाडूला पथ्य मोडायचा मोह होईल असा प्रसंग आणणे हे जीएमचे कर्तव्यच आहे.

पायरी सहावी: मुद्दल आणि व्याज

किमतीचा नियम मला पांडवलेण्यांत सापडला. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले, त्यांतले २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने, आणि अट अशी घातली की मुद्दल परत करायची नाही, भिक्षूंसाठी फक्त व्याज वापरायचे. धर्मादाय कामासाठी केलेली ती व्यवस्था आहे, पण वाचताना माझ्या मनात आले की एखाद्या पिशाचाने असाच करार केला तर? मुद्दल कधीच फिटत नाही, व्याज चालूच राहते.

मुद्दल म्हणजे कलंक. पिशाच आले की, फासे कसेही पडलेले असोत, त्याच्या बळाइतका कलंक मांत्रिकाच्या पानावर चढतो. ३ झाले की अंगावर लपवता येणारी खूण उमटते. ६ झाले की लपवता न येणारी, कुत्री भुंकतात, गाई दावे ओढतात. ९ झाले की जवळचे एक माणूस त्याला ओळखेनासे होते. १० झाले की पात्र जीएमचे होते. म्हणजे एका मांत्रिकाच्या आयुष्यात लहान आवाहने नऊ किंवा मोठी तीन, आणि दहावे लहान किंवा चौथे मोठे आवाहन शेवटचे. साधारण बारा बैठकांच्या मोहिमेला हे माप बरोबर बसते. तुमची मोहीम लांब असेल तर मर्यादा १५ करावी, पण कलंक उतरवण्याचे सोपे तीर्थ ठेवू नये. एक गुण उतरायचा असेल तर दोन मोहिमांच्या मध्ये पात्राने खरोखर काही गमावले पाहिजे, वाडा, पद, दिलेला शब्द. गोदेत एक बुडी मारून सुटका झाली तर नियमाचा काही उपयोग नाही.

व्याज हे भुकेप्रमाणे, दर बैठकीच्या सुरुवातीला, पिशाच बांधलेले असेपर्यंत. देहळ्याचे व्याज म्हणजे पात्राच्या पानावर लिहिलेले एक नाव खेळाडूने स्वतःच्या हाताने खोडायचे आणि ते माणूस पुढे समोर आले तर अनोळखी म्हणून वागायचे. व्याज थकले तर प्रत्येक थकबाकीमागे एक कलंक. आकड्यांपेक्षा पेन्सिलने खोडलेले आईचे नाव खेळाडूंना जास्त लागते, असा माझा अनुभव आहे.

आवाहनाचे फासे ६ किंवा कमी पडले असतील तर मोकळ्या पिशाचाची मागणी मान्य करून दुप्पट कलंक घ्यायचा किंवा त्याच्याशी लढायचे, एवढे दोनच मार्ग ठेवावेत.

पायरी सातवी: विसर्जन

आवाहन केले की विसर्जन करावे लागते, हे गौरी-गणपती बसवणाऱ्या घरांत कोणाला शिकवायला नको, पण टेबलावर सगळे हमखास विसरतात. मुदत पूर्ण झाली, व्याज चुकते असले आणि मांत्रिकाने पथ्य पाळले असले तर विसर्जनाला फासे लागत नाहीत. मुदतीआधी घालवायचे असेल तर आवाहनाचेच फासे पुन्हा टाकावेत आणि प्रत्येक थकबाकीमागे एक वजा करावा. शब्द मांत्रिकाच्या खेळाडूने स्वतः रचावेत. आमच्यातल्या एकाने सवयीने शेवटी 'पुनरागमनाय च' म्हटले होते. साक्षीदाराने ते इमानदारीने लिहून घेतले आणि तीन बैठकांनंतर, कोणीही न बोलावता, दार वाजले.

मोहीम सुरू करण्यापूर्वी एकाच खेळाडूबरोबर, एकच कार्ड घेऊन, वीस मिनिटांची रंगीत तालीम करावी. बळ १ चे पिशाच, एक प्रहर, एक अडथळा, एक बोली. तालमीत खेळाडूने बोली लावताना एकदाही थबकून विचार केला नाही, तर भूक बदलावी, आकडे नव्हे.

आणि कार्डे फाडू नयेत. मांत्रिक मेला किंवा कलंकाने जीएमकडे गेला, की बोलीचा कागद आणि पिशाचाचे कार्ड एका पाकिटात घालून ठेवावे. आमच्या घरी अशी चार पाकिटे आहेत. मुद्दल कोणीच फेडलेली नसल्याने कर्ज वारसाकडे जाते, आणि नवा खेळाडू त्याच घराण्यातले पात्र घेऊन बसला, की मी त्याच्यासमोर कॅरेक्टर शीटच्या आधी ते पाकीट ठेवतो.